खतावर सही करण्याआधी

ओहायो, नोव्हेंबर 1806

प्रिय आई-बाबा,

मी परत येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. इथे 160 एकर घेतली. सरकारी भाव एकरी 2 डॉलर, म्हणजे 320. त्यातले 80 भरले. उरलेले 80-80 चे तीन हप्ते दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षअखेरीस. घरची शंभर एकर आम्हा दोघा भावांत तोडली असती तर दोघांचंही भागलं नसतं. तुमच्यापासून लांब जावं म्हणून हे केलं नाही, एवढं मनात ठेवा.

माझ्या वाट्याचे पैसे धाकटा याच तीन तारखांना पाठवणार आहे. ‘वाटा पोचला’ अशी सही केलेली पावती सोबत आहे. बाबा हयात असताना जमिनीवर माझा हक्कच नाही, त्यामुळे नुसतं ‘हक्क सोडला’ लिहून भागत नाही. आपल्या पेनसिल्व्हेनियात 1794 च्या कायद्याने वारशातला थोरल्याचा दुप्पट वाटा गेला, सगळी भावंडं सारखी झाली. तेव्हा ताईचीही पावती घ्या, लग्नात दिलेलं सगळं तीत लिहून. सही मेहुण्यांचीही हवी.

आता नीट ऐका. लँकेस्टरच्या नोंदणी कचेरीत जाऊन घरच्या जमिनीचं खत धाकट्याच्या नावे केलंत की तेवढ्यावर परत येऊ नका. त्याच दिवशी त्याच्याकडून तुमच्या सांभाळाचा करार आणि त्यापोटी जमिनीचं गहाणखत लिहून घ्या, आणि नोंदवूनच निघा. धाकटा सोन्यासारखा आहे, शंका त्याच्यावर नाही. पण त्याला कर्ज झालं, तर सावकार आधी नोंदवहीच बघतो. मोठ्या काकांचं आठवा.

आई, खतावर सही घेताना तुला बाबांपासून वेगळं बसवतील, मजकूर समजावतील आणि राजीखुशीने करतेस ना, असं विचारतील. त्या सहीने बाबांच्या पश्चात या जमिनीच्या एक-तृतीयांशावर असलेला तुझा हयातभराचा हक्क सुटतो. म्हणून करारात तुझं नाव बाबांच्या शेजारी हवं, ‘त्यांच्या पश्चातही’ या शब्दांसकट.

करारात खालची खोली, विहिरीची आणि पावभट्टीची वाट, वर्षाला धान्याच्या मापाने 20 बुशेल गहू, 10 बुशेल राय (पावाचं दुसरं धान्य), दोन पोसलेली डुकरं, त्याच्या गायींबरोबर चरणारी तुमची एक गाय आणि रविवारी चर्चला जायला घोडा, एवढं असू द्या. धान्य मापानेच लिहा. पैशात लिहिलं आणि भाव चढले तर पोतं अर्धंच येतं. ‘दळून घरी आणून’ हेही घाला.

सरपणाचं मात्र शब्दन् शब्द: ‘स्टोव्हच्या मापाने तोडून, फोडून, दाराशी रचून’. नुसतं ‘लाकूड’ लिहिलं की अंगणात ओंडका येऊन पडतो आणि बाबा कुऱ्हाड उचलतात. बाबा, त्या खांद्याने कुऱ्हाड उचलायची नाही.

आई, थंडीत तू माझे मोजे स्टोव्हपाशी ऊन करून पायात घालायचीस. तुमची खोली तेवढीच उबदार राहावी, म्हणून सरपणाचा हट्ट.

मसुदा धाकट्यासमोरच ताईकडून मोठ्याने वाचून घ्या, म्हणजे त्यालाही वाईट वाटणार नाही. आणि रस्ते बर्फाने बंद व्हायच्या आत जाऊन या.

तुमचा,
थोरला