गाडी आपोआप चालणार म्हणून शिकणं थांबवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चालकाविना धावणाऱ्या गाड्यांविषयी सध्या वर्तमानपत्रांत बरंच छापून येतं. अमेरिकेत फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को या शहरांत वेमो कंपनीच्या टॅक्स्या पुढच्या सीटवर कुणी नसताना भाडं घेऊन फिरतात, हे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांनाही ठाऊक असतं. मी साताऱ्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. परवा एका मुलीचे वडील तिचं नाव काढून घ्यायला आले. म्हणाले, "मॅडम, चार-पाच वर्षांत गाड्या आपोआप चालणार. मग हिनं क्लच-गिअरशी झटापट कशाला करायची?" मुलगी नर्सिंग शिकतेय, उद्या रात्रपाळ्या करणार आहे. त्यांना जे सांगायचं ते मी सांगितलं, पण हा विचार बऱ्याच घरांत शिरलेला दिसतो, म्हणून हे पत्र.

यंत्राच्या बाजूनं जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं मला मान्य आहे. २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. यंत्र दारू पीत नाही, पहाटे त्याला डुलकी लागत नाही, मोबाइल वाजला म्हणून त्याची मान खाली जात नाही. माणसापेक्षा सुरक्षित गाडी कुणी आपल्या रस्त्यांवर, आपल्या गर्दीत चालवून दाखवली, तर माझं स्कूल बंद पडलं तरी मी तिला विरोध करणार नाही. चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं नितीन गडकरी सांगत आले आहेत. त्यांची कळकळ मला समजते. पण त्यानं प्रश्न मिटत नाही, कारण पुरती आपोआप चालणारी गाडी आली नसली तरी अर्धी आपोआप चालणारी आपल्या दारात येऊन उभी आहे.

२०२१ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आली, तेव्हापासून 'अडास' (ADAS, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा) हा शब्द आमच्याकडे रुळला. आता कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत ही सोय मिळते. पुढच्या गाडीशी अंतर राखून वेग आपोआप कमी-जास्त होतो, पट्ट्यांच्या आत राहण्यासाठी स्टिअरिंग हलकेच वळतं, समोर काही आलं तर ब्रेक लागतो. आणि जबाबदारी? ती पूर्णपणे चालकाची, असं गाडीसोबतच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे गाडी तिनं चालवायची आणि सांभाळायची तुम्ही.

हे सांभाळणं म्हणजे काय, ते मला विचारा. माझं पोटच त्यावर आहे. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर, मी डाव्या सीटवर, माझ्या पायाशी क्लच आणि ब्रेकची दुसरी पेडलं. दुसरा चालवत असताना लक्ष ठेवणं हे स्वतः चालवण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. अगदी नवखा माणूस असेल तर त्यातल्या त्यात बरं. तेव्हा पाय ब्रेकवरून हलतच नाही. खरा धोका शेवटच्या आठवड्यात. हात बसलेला असतो, गाडी सरळ पळत असते, आणि शेजारच्याचं लक्ष सैल पडायला तेवढं पुरतं. माझ्याकडे कामाला येणाऱ्या नव्या प्रशिक्षकाला मी हेच पहिल्यांदा शिकवते: चांगलं चालवणाऱ्यापाशी जास्त जागं राहायचं. ज्यांनी जन्म गाडीवर काढला, त्यांनाही हे अंगवळणी पडायला काही वर्षं लागतात. शोरूममधून किल्ली घेऊन बाहेर पडलेल्या माणसाकडून मात्र ते पहिल्याच दिवशी जमावं अशी आपली अपेक्षा.

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरच्या आपोआप चालणाऱ्या चाचणीच्या गाडीनं रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना धडक दिली, त्यात त्या गेल्या. चौकशीत निघालेली माहिती वाचून मला झोप लागली नव्हती. यंत्राला समोर काहीतरी असल्याचं धडकेच्या ५.६ सेकंद आधी कळलं होतं. पण ते वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, यातच त्याचं मत बदलत राहिलं. लक्ष ठेवायला गाडीत बसवलेली चालक मोबाइलवर कार्यक्रम बघत होती. खटला तिच्यावर चालला, २०२३ मध्ये तिनं गुन्हा कबूल केला. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. तिची चूक होतीच. पण माणसाला काम काढून घेऊन नुसतं जागं बसवलं, तर त्याचं लक्ष उडणार हे कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं आधीच सांगितलं असतं.

आता आपल्याकडचे रस्ते. ऊस तोडणी सुरू झाली की संध्याकाळनंतर कोरेगाव, रहिमतपूर, कराडच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला. माझी पोरं तो ओळखतात ते रस्त्यावर सांडलेल्या पाचटावरून आणि समोरून येणाऱ्यानं मारलेल्या डिपरवरून. माउलींची पालखी लोणंद-तरडगाव-फलटण अशी जाते तेव्हा पुढं जायचं की थांबायचं, हे एखादा वारकरी हातानं सांगतो आणि सगळे ऐकतात. यवतेश्वरच्या घाटात पावसाळ्यात धुकं उतरलं की पांढरा पट्टा दिसत नाही. दिसतो तो कठडा, तोही असला तर. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे घाटानं माणसाला शिकवलेलं आहे. कॅमेऱ्याला पट्टा दिसेनासा झाला की अडास गाडी आपल्या हवाली करून मोकळं होतं, आणि ते नेमकं अशाच जागी होतं.

ताबा परत घ्यायला वेळ किती मिळतो तेही बघा. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात किमान दहा सेकंद धरलेले आहेत, आणि तेही अडासच्या पुढच्या पायरीच्या, म्हणजे काही वेळ स्वतःच चालणाऱ्या गाड्यांना. ताशी ८० च्या वेगानं दहा सेकंदांत गाडी सुमारे २२० मीटर जाते. खंबाटकीच्या उतारावरचं एस वळण ज्यांनी पाहिलंय त्यांना हिशेब समजावून सांगायची गरज नाही. आणि ताबा घेणारा माणूस सहा-सहा महिने ब्रेकचा अंदाजच न घेतलेला असेल तर?

विमानाच्या वैमानिकांचंही असं होतं. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला निघालेलं विमान अटलांटिकमध्ये पडलं, २२८ जण गेले. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फानं गोठल्या, ऑटोपायलट सुटला, आणि अचानक हातात आलेलं विमान वैमानिकांना सावरता आलं नाही. ज्यांना ठरावीक काळानं सिम्युलेटरवर परीक्षा द्यावी लागते, त्यांची ही गत. आपल्याकडे पंचविशीत लायसन काढलेल्याला चाळिशीपर्यंत कुणी विचारत नाही. वेळेत केलेल्या नूतनीकरणाला अर्ज, फी आणि डॉक्टरांचा दाखला पुरतो, गाडीत बसून दाखवावं लागत नाही. पहिल्या परीक्षेतही आठ काढला, रिव्हर्स घेतली, चढावर गाडी उभी करून उचलली की माणूस पास. रात्र, पाऊस, घाट यांतलं काही येत नाही.

म्हणून परिवहन खात्याला माझी विनंती आहे. नूतनीकरणाच्या वेळी अर्धा तास खऱ्या रस्त्यावर गाडी चालवून घ्या, अडास असेल तर ते बंद ठेवून. नव्या लायसनसाठी रात्रीचा एक फेरा सक्तीचा करा. आणि अडास असलेली गाडी विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला सोबत घेऊन रस्त्यावर दाखवावं की ही कुठं थांबते, हिला काय दिसत नाही. तशी सही घेतल्याशिवाय ताबा देऊ नये. चाचणीला लागतील ते प्रशिक्षक आम्ही सगळे स्कूलवाले मिळून देऊ, खात्यानं तारीख सांगावी.

आपली,
एक मोटार ड्रायव्हिंग प्रशिक्षिका, सातारा