गाणी तीच, गळा दुसरा

चि. मल्हार यास,
अनेक आशीर्वाद.

‘अक्रॉस द युनिव्हर्स’ हा बीटल्सच्या गाण्यांवरचा सिनेमा शनिवारी रात्री पाहिला. फोनवर तू म्हणालास, गोष्टीत दम नाही. नाहीच आहे. लिव्हरपूलच्या गोदीत राबणारा ज्यूड अमेरिकेत येतो, लूसीच्या प्रेमात पडतो, तिच्या भावाला व्हिएतनामला धाडतात. पुढचं कुणीही सांगेल. पण अरे, ‘सौभद्र’ला जाणाऱ्यांना सुभद्रा कुणाला मिळणार हे ठाऊक नसायचं का? माणसं पदांसाठी जायची.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी लोकांच्या कानातल्या चाली घेऊन त्यांवर नवी पदं रचली. या सिनेमाची दिग्दर्शिका ज्यूली टेमोरने २००७ साली उलट केलं. बीटल्सचे शब्द ठेवले, चालीही बहुतेक त्याच, फक्त गाणारं माणूस बदललं. ‘आय वाँट टू होल्ड युअर हँड’च बघ. १९६३ चं मूळ गाणं म्हणजे टाळ्या आणि नुसता उत्साह. इथे ओहायोतली प्रुडन्स चीअरलीडरच्या पोशाखात मैदानातून चालत ते अगदी विलंबित गाते, आजूबाजूला खेळाडू एकमेकांवर आदळतायत, आणि तिची नजर एका मुलीवर आहे. त्या काळात तिने तो हात धरायचा कसा? हे गाणं मी शेकडो वेळा ऐकलंय, पण त्यात एवढं दुःख मावेल असं कधी वाटलं नव्हतं.

‘लेट इट बी’ डेट्रॉईटच्या दंगलीत सापडलेला एक लहान पोरगा सुरू करतो, मग चर्चमधला वृंद ते उचलतो. एकाच गाण्यात दोन अंत्यविधी. आणि ‘आय वाँट यू’ भरतीच्या पोस्टरवरच्या अंकल सॅमच्या तोंडी! हा शुद्ध वात्रटपणा, पण बसलाय किती चपखल. त्यातच चड्डी-बुटांवरची पोरं स्वातंत्र्यदेवीचा पुतळा खांद्यावर घेऊन ‘शी इज सो हेवी’ म्हणत जंगल तुडवतात.

रॉक गायक बोनो यात येतो, त्याची बस आणि नंतरची सर्कस मात्र मी रिमोटने पुढे ढकलली. नुसते रंग.

बहुतेक गाणी नटांनी सेटवरच प्रत्यक्ष गायली आहेत. ज्यूडचा आवाज कुठेकुठे कापतो तो म्हणूनच गोड लागतो. तुझ्या त्या लॅपटॉपच्या स्पीकरवर हे कळायचं नाही. दिवाळीला आलास की इथे मोठ्या आवाजात लावू. शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवतो.

आईने चकल्या पाठवल्या आहेत, खोलीतल्या सगळ्यांना दे.

तुझा,
बाबा