लक्ष्मीपूजनाआधी हे वाच

दादर, मुंबई
धनत्रयोदशी

प्रिय सुहास,

फोटो पाहिले. मामांकडून टांकसाळीचा प्रूफ सेट (संग्राहकांसाठी खास पाडलेली नाणी), आत्याकडून राजाछाप रुपया, सासूबाईंकडून लक्ष्मी-गणपतीचं चांदीचं नाणं. यंदा सगळ्यांनी संगनमत करून तुझ्या छंदाला खतपाणी घातलेलं दिसतंय. फोनवर तू अर्धंच ऐकतोस, म्हणून लिहून पाठवतोय. परवा ही तिन्ही एका ताटात मांडू नकोस.

ताटात सासूबाईंचं नाणं ठेव. खरं तर ते नाणं नव्हेच, चांदीची मुद्रा. त्यावर ना रुपयाचा आकडा, ना सरकारचं नाव. सराफ ते वजनावर घेईल. भरलेली घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी परत मिळत नाही. त्यामुळे त्याला पंचामृत, हळदकुंकू सगळं चालतं, आणि काळं पडलं तर घासलं तरी मोल तेच राहतं.

मामांचा सेट मात्र पाकीट, पुस्तिका यांच्यासकट कपाटात. प्रूफ नाण्याचा साचा आणि कोरी चकती दोन्ही आधी पॉलिश करतात, मग एकाहून जास्त ठोके देतात. म्हणून मोकळी जागा आरशासारखी आणि चित्र दुधाळ दिसतं. त्या आरशावर कापूस फिरवला तरी केसासारखे ओरखडे उठतात आणि ते कायमचे. नाण्यावरची प्लॅस्टिकची पारदर्शक डबी, म्हणजे कॅप्सूल, उघडायचीच नाही. घरच्यांचा आग्रह असेल तर कुंकवाचं बोट कॅप्सूलला लाव. देवी काही म्हणणार नाही. सालाखाली ‘एम’ असेल तर सेट आपल्या फोर्टातल्या टांकसाळीचा. (रोजच्या चिल्लरीवर मुंबईची खूण पत्त्यांतली चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाची टिंब, कोलकात्याची खूणच नाही.) त्यातलं शंभराचं नाणं शुद्ध चांदीचं असं मामा म्हणाले असतील, तर मान डोलाव आणि माहितीपत्रक वाच. ४४ मिलिमीटरची, ३५ ग्रॅमची अशी बरीच नाणी निम्मीच चांदीची असतात: ५० टक्के चांदी, ४० तांबं, ५ निकेल, ५ जस्त. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम.

आता आत्याचा रुपया. फोटोत ‘१९४’ दिसतं, शेवटचा आकडा तुझ्या अंगठ्याखाली. अंगठा नाण्याच्या तोंडावर ठेवायचा नसतो रे! कडेला धर, खाली घडी घातलेला पंचा ठेव. घामाचा ठसा काही आठवड्यांत धातूत उतरतो आणि मग निघत नाही.

तो आकडा महत्त्वाचा आहे. आधीच्या रुपयात चांदी ९१.७ टक्के होती. १९४० ते १९४५ च्या रुपयांत ती ५० टक्केच होती, वजन तेच ११.६६ ग्रॅम. १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा, मागे वाघ, आणि तो लोहचुंबकाला चिकटतो. चांदीचा चिकटत नाही. पण ‘चिकटला नाही म्हणजे चांदी’ असं समजू नकोस; जर्मन सिल्व्हरची (तांबं, निकेल, जस्ताचा मिश्रधातू, चांदी अजिबात नाही) नक्कलही बहुधा चिकटत नाही.

त्यासाठी पाण्याची परीक्षा कर. शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा लागेल. आधी नाणं कोरडं मोज. झिजलेलं असेल तर ११.४ ते ११.६ भरेल. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आण. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल असं सोड, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नकोस. टेकलं की नाण्याचं वजनच काट्यावर येतं आणि गणित फसतं. नाण्याला चिकटलेले बुडबुडे हलवून सोडव. न झिजलेल्या, ११.६६ ग्रॅमच्या, ५० टक्के चांदीच्या रुपयाला काटा १.२२ ग्रॅमच्या आसपास दाखवेल, जुन्या ९१.७ टक्केवाल्याला १.१३, आणि जर्मन सिल्व्हरला १.३५ च्या जवळ. शिवाय कड भिंगाखाली बघ. ओतीव नकलेच्या कडेवर जोडाची रेघ असते, अक्षरं साबणाच्या वडीवरच्यासारखी गुळगुळीत. चोर बाजारात अशा नकला ढिगाने मिळतात. राम-सीता आणि १८१८ साल असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा ‘एक आणा’ तर कंपनीने कधी पाडलाच नव्हता.

रुपयावर काळपट-निळसर झाक आहे ती राहू दे. चिंच, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यांनी चकचकीत केलेलं नाणं जाणकार चटकन ओळखतो आणि भाव पाडतो. आत्याने आधीच हळद लावली असेल तर घासू नकोस. शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून ठेव, हळदीचा रंग त्यात विरघळतो. मग डिस्टिल्ड वॉटर, आणि टिपून कोरडं करायचं, पुसायचं नाही. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतात. खिडकी उघडी, गॅस आणि निरांजन बंद. अॅसिटोन भुर्रकन पेटतो.

ठेवण्याचं म्हणशील तर आपल्या हवेत सगळ्यात वाईट म्हणजे मऊ प्लॅस्टिकचे अल्बम. त्या प्लॅस्टिकमधून, म्हणजे पीव्हीसीतून, आम्ल सुटतं आणि पावसाळ्यानंतर तांब्यावर हिरवा चिकट थर दिसतो. मायलरचे (पीव्हीसी नसलेल्या पॉलिएस्टर फिल्मचे) खिसे घे. रबरबँड आणि वर्तमानपत्र नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. सागवानी कपाटातही थेट ठेवू नकोस. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल (ओल शोषणारे रंगीत दाणे). जूनपासून दर महिन्याला रंग बघून जेल तापवून सुकव.

आणखी एक. ‘वैष्णोदेवीच्या पाच रुपयांना लाख रुपये’ असे फोन येतात, आधी नोंदणी फी मागतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलंय की तिच्या नावाने असं कुणीही फी मागू शकत नाही. मामांना सांगून ठेव, ते भोळे आहेत.

शेवटचा आकडा आणि कडेचा फोटो पाठव. अंगठा बाजूला ठेवून!

तुझा,
अविनाश