मुक्ता, आजारपणाची नोंद कर

मालवण, 9 नोव्हेंबर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू अगदी जाता जाता सांगितलेस, की मोठा पाऊस होऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी तू मैत्रिणींबरोबर इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावर सर्फिंगला गेलीस आणि पुढचे तीन दिवस पोटदुखीने अंथरुणावर पडून होतीस. "इथे सगळ्यांनाच होतं गं आई" हे तुझे वाक्य तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. समुद्रात जाऊ नकोस, असे मी तुला सांगणार नाही. बंदराच्या गावात वाढलेल्या मुलीला ते सांगूही नये. पण जे सगळ्यांना होते आणि कोणीच कुठे लिहून ठेवत नाही, ते झालेच नाही असे पुढे धरले जाते. समुद्रासाठी आम्ही सर्फर काय करू शकतो, असे तू मला उन्हाळ्यात विचारले होतेस. त्याचे उत्तर मला तुझ्या या आजारपणात सापडले, म्हणून हे पत्र.

तू ज्या पाण्यात उतरलीस त्यात काय आले असेल, हे समजून घ्यायला मी दोन रात्री वाचत बसले होते. इंग्लंडच्या जुन्या वस्त्यांमध्ये घरांचे सांडपाणी आणि रस्त्यांवरून वाहणारे पावसाचे पाणी बऱ्याच ठिकाणी एकाच वाहिनीतून जाते. पाऊस जोराचा झाला की ती वाहिनी भरते, आणि मैला उलटा घरांत शिरू नये म्हणून तो वाटेतल्या सांडव्यांतून, प्रक्रिया न होताच, नदीत किंवा समुद्रात सोडला जातो. ही सोय अपवादात्मक पावसापुरती असायला हवी; प्रत्यक्षात 2023 या एका वर्षात एकट्या इंग्लंडमध्ये असे 4,64,056 विसर्ग नोंदले गेले आणि त्यांच्या तासांची बेरीज 36 लाखांवर गेली. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत तिथल्या सर्व सांडव्यांवर मोजणीची यंत्रे बसली, ही मोठी गोष्ट आहे. पण ती यंत्रे सांडवा केव्हा आणि किती वेळ वाहिला एवढेच सांगतात. किती मैला गेला, त्यात कोणते जंतू होते आणि ते कोणाच्या पोटात गेले, हे यंत्राला कळत नाही. ते कळते फक्त पाण्यात असलेल्या माणसाला.

आणि वर्षातला निम्म्याहून अधिक काळ त्या पाण्यात तुम्ही सर्फरच असता. पाण्यात मैला मिसळल्याचे दाखवणाऱ्या ई-कोलाय आणि एन्टरोकॉकाय या जंतूंसाठी समुद्रस्नानाच्या किनाऱ्यांची सरकारी तपासणी इंग्लंडमध्ये आजवर 15 मे ते 30 सप्टेंबर या हंगामापुरतीच होत आली आहे. अटलांटिकच्या चांगल्या लाटा मात्र शरद ऋतूपासून पुढे हिवाळाभर येतात, त्याच काळात पाऊसही जास्त असतो, आणि तेव्हा पाण्याकडे पाहणारे डोळे तुमच्याशिवाय फारसे कोणाचे नसतात. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 च्या सुरुवातीला प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एका प्रतिजैविक औषधाला न जुमानणारा ई-कोलाय 143 सर्फरपैकी 13 जणांच्या आतड्यात सापडला; सर्फिंग न करणाऱ्या 130 जणांमध्ये तो फक्त चौघांत होता. सर्फर मंडळी पोहणाऱ्यांपेक्षा सुमारे दहापट समुद्राचे पाणी गिळतात, असेही त्यांनी म्हटले आहे. आकड्यांइतकेच मला हे महत्त्वाचे वाटते की त्या सर्फरनी आपले नमुने स्वतः घेऊन दिले. संकोच त्यांनाही वाटलाच असेल, पण त्यांनी ते दिले नसते तर ही गोष्ट कोणालाच सिद्ध करता आली नसती.

तुझ्याच भागात याचा पूर्वइतिहास आहे. सेंट ॲग्नेस, पोर्थटोवन आणि चॅपल पोर्थ या गावांतले सर्फर आपल्या किनाऱ्यांवरच्या मैल्याला कंटाळून 1990 मध्ये एकत्र आले आणि त्यांनी 'सर्फर्स अगेन्स्ट स्यूएज', म्हणजे 'मैल्याविरुद्ध सर्फर', ही संस्था उभी केली. वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख) आणि गॅस मास्क घालून ते आंदोलने करत, ती छायाचित्रे तू पाहिली असशील. लोकांना ते दृश्य आठवते. मला मात्र वाटते की त्यांचे खरे बळ त्या वेशात नव्हते. कान, घसा आणि पोट यांचे स्वतःचे आजार ते पुढे ठेवत होते, आणि समोरच्याला ते नाकारता येत नव्हते. या संस्थेच्या मोबाइल ॲपवर आज कोणत्या किनाऱ्याजवळ सांडवा वाहतो आहे याचा इशारा मिळतो आणि पाण्यामुळे आजारी पडलेल्याला तिथेच आपली नोंदही करता येते. दिवस, वेळ, किनारा, आधी किती पाऊस झाला होता, तू किती वेळ पाण्यात होतीस, त्रास केव्हा सुरू झाला आणि किती दिवस राहिला, हे सगळे आठवते आहे तोवर लिही. किनाऱ्याच्या स्वच्छतेला तू जातेस हे मला ठाऊक आहे, आणि ते कामही मोजणीशिवाय करू नकोस. मरीन कन्झर्व्हेशन सोसायटी या तिथल्या समुद्रसंवर्धन संस्थेचे स्वयंसेवक शंभर मीटरचा पट्टा आखून त्यातली एकेक वस्तू मोजतात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर 2015 मध्ये इंग्लंडमध्ये शुल्क लागले, त्यामागच्या मागणीला अशा मोजणीचा आधार होता. नुसता उचललेला कचरा पोत्यात जातो आणि विसरला जातो.

दुसरी गोष्ट लाटेची. आपल्याकडचे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारे मच्छीमार, लाट कुठे फुटते ते पाहून खाली वाळू आहे की खडक, हे सांगतात, ते तू लहानपणी ऐकले आहेस. लाट म्हणजे तळाचा आकार वर उमटलेला असतो, आणि म्हणून तळाला हात लागला की लाट बदलते. स्पेनच्या बास्क प्रदेशात मुंदाका येथे नदीच्या मुखाशी साचलेल्या वाळूवर एक प्रसिद्ध लाट फुटते. खाडीतला गाळ उपसल्यावर ती वाळू सरकली, लाट नाहीशी झाली आणि 2005 मध्ये तिथली आंतरराष्ट्रीय स्पर्धा रद्द करावी लागली. पुढे वाळू परत साचली तशी लाटही परतली. हा बदल सर्वांत आधी सर्फरना दिसला, कारण रोज त्याच जागी त्याच लाटेची वाट पाहत बसणारे दुसरे कोणी नसते. आपल्या मालवणजवळच्या कर्ली आणि कालावलच्या खाड्यांतला वाळूउपसा आपण वर्षानुवर्षे पाहतो आहोत. त्याने तळ कसा बदलला याची रोजची नोंद ठेवणारी दहा माणसे आपल्याकडे असती तर किती बरे झाले असते, असे मला फार वाटते. पेरूने तर 2000 साली लाटा फुटण्याच्या जागांना संरक्षण देणारा कायदाच केला. त्याखाली चिकामाची लांबलचक लाट 2016 मध्ये नोंदली गेली, पण त्यासाठी समुद्रतळाच्या मोजणीसह सगळी तांत्रिक कागदपत्रे आधी तयार करावी लागली. नुसत्या प्रेमावर ती नोंद झाली नसती. तू भूगोल शिकते आहेस. महिन्यातून एकदा ओहोटीला एकाच जागेवरून एकाच कोनात वाळूचे छायाचित्र काढून तारखेसह ठेवणे तुला कठीण नाही.

साधनांबद्दल थोडेच लिहिते. बहुतेक वेटसूट निओप्रीन या कृत्रिम रबराचे असतात, म्हणून नवा घेण्याआधी आहे तो शिवून, चिकटवून वापर, आणि घ्यावाच लागला तर नैसर्गिक रबराचा मिळतो का ते पाहा. लाटांवर खेळायच्या पॉलिस्टायरीनच्या (थर्माकोलसारख्या) स्वस्त फळ्या पाहुण्यांना घेऊन देऊ नकोस. त्या एका दिवसात मोडतात आणि त्यांचे पांढरे मणी वाळूत कायमचे मिसळतात. शरद ऋतूपासून सीलची पिल्ले किनाऱ्यावर असतात. तिथून लांबूनच पाण्यात उतर आणि त्यांच्याजवळ कोणालाही जाऊ देऊ नकोस.

मुसळधार पाऊस झाला की निदान दोन दिवस पाण्यात जाऊ नकोस, हे माझे आईपणाचे सांगणे आहे, ते ऐक. तू डॉक्टरांकडे गेली होतीस का आणि त्यांनी काय लिहून दिले, ते कळव; तो कागद जपून ठेव. त्या दिवशी तुझ्याबरोबर पाण्यात असलेल्या दोघींनाही विचार, आणि त्यांनाही त्रास झाला असेल तर तिघींनी मिळून एक नोंद करू नका, तीन वेगवेगळ्या करा.

तुझी,
आई