आधी आच ओळख

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परदेशी पदार्थ करायला घेतला की सगळं लक्ष साहित्याच्या यादीकडे जातं. पण तो बिघडतो बहुतेक आचेपायी. म्हणून सुरुवात रोमच्या काचो ए पेपेने कर. त्यात पास्ता, पेकोरिनो रोमानो चीज आणि मिरी एवढंच असतं, त्यामुळे चूक कुठे झाली ते लगेच कळतं.

दोघांना 200 ग्रॅम स्पॅगेटी, 100 ग्रॅम पेकोरिनो आणि दीड छोटा चमचा जाडसर कुटलेली मिरी पुरते. हे मेंढीच्या दुधाचं चीज मुळातच खारट, म्हणून दीड लिटर पाण्यात मीठ एकच छोटा चमचा. पाणी मुद्दाम कमी घ्यायचं, म्हणजे पास्त्याचा स्टार्च त्यात दाट उतरतो. चीज अगदी बारीक किसणीवर स्वतः किस. पाकिटातला किस मोकळा राहावा म्हणून त्याला बाहेरून भुकटी लावलेली असते, तो नीट विरघळत नाही.

मिरी कोरडीच मिनिटभर परत आणि त्यात पास्त्याचं डावभर पाणी घाल. पाकिटावरच्या वेळेच्या 2 मिनिटं आधी पास्ता उचलून त्यात टाक आणि तिथेच शिजव. तोवर चीजमध्ये कोमट केलेलं तेच पाणी चमच्या-चमच्याने घालून दाट पेस्ट कर. आता गॅस बंद. पूर्ण मिनिटभर थांब, मगच पेस्ट ओतून भराभर हलव. साधारण 65 अंशांच्या वर चीजमधली प्रथिनं आवळतात आणि रबरासारखे गोळे चिमट्याला चिकटतात. मग ते काही केल्या सुटत नाहीत. धास्ती वाटत असेल तर 2–3 ग्रॅम कॉर्नफ्लोअर 2 मोठे चमचे पाण्यात शिजवून पारदर्शक खळ कर, गार होऊ दे आणि ती चीजमध्ये मिसळ. स्टार्चमुळे गुठळ्या धरत नाहीत.

चिनी फ्राइड राइसचं नेमकं उलट. तिथे आच कमी पडली की भाताचा लगदा होतो. घरच्या शेगडीवर एका वेळी दोघांपुरताच भात परत. कढईतला चर्र आवाज थांबला की भात परतला जात नाही, वाफवला जातोय असं समज. भात आदल्या दिवशीचा, फ्रिजमधला हवा. गार झाल्यावर स्टार्च घट्ट होतो आणि शितं सुटी राहतात. मात्र शिजल्यावर तो ताटात पसरून तासाभरात फ्रिजमध्ये गेलाच पाहिजे. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात वापरू नकोस. शिजवूनही तग धरणारे जिवाणू त्यात वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा तापवूनही जात नाही.

जपानी दाशी, म्हणजे सूपसाठीचं पातळ सार, तर उकळायचीच नाही. 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम कोंबू (वाळवलेलं समुद्री शेवाळ) अर्धा तास भिजव, मंद आचेवर ठेव आणि तळाशी बारीक बुडबुडे दिसले की तो काढ, नाहीतर पाणी बुळबुळीत आणि कडवट होतं. मग 20 ग्रॅम कात्सुओबुशी (सुकवलेल्या माशाचा पातळ किस) घालून गॅस बंद कर, 2 मिनिटांनी फडक्यातून गाळ. फडकं पिळू नकोस, दाशी गढूळ होते.

तुझी,
आई