गडगा पडला की आधी मोजणी करा, भांडण नंतर

संपादक महोदय,

पाऊस लागला की कोकणात चिऱ्याचे गडगे, म्हणजे हद्दीवरच्या दगडी भिंती, ढासळायला लागतात आणि गावोगाव एकच भांडण सुरू होतं, तुझ्या झाडाने माझं कंपाऊंड पाडलं. आमच्या वाडीत यावरून दोन घरांचं बोलणं बंद आहे, पोरांनाही एकमेकांच्या अंगणात जाऊ देत नाहीत. एकाचं बांबूचं बेट अगदी हद्दीला लागून, दरवर्षी नवे कोंब येऊन बेट फुगत गेलं, त्याने गडग्याचे खालचे चिरे बाहेर ढकलले आणि एका रात्रीच्या पावसात वरचा सगळा थर खाली. पोलिसांत गेले तर एनसी (अदखलपात्र तक्रार) घेतली आणि मॅटर दिवाणी आहे कोर्टात जा म्हणून सांगितलं. आता वकिलाची फीच नवीन गडग्यापेक्षा जास्त होणार, मग जायचं कुठे?

माझं म्हणणं असं की लोक भरपाईपासून सुरुवात करतात तिथेच सगळं बिघडतं. गडगा नक्की कोणाच्या जागेत आहे हेच धड माहीत नसतं, वडिलांनी दाखवली ती हद्द असं दोघंही सांगतात आणि दोघांच्या वडिलांनी वेगवेगळी दाखवलेली असते. तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसात मोजणीचा अर्ज करा, फी निम्मी निम्मी भरा, मोजणीनंतर हद्द दाखवणाऱ्या नकाशाची जी प्रत मिळते, ती क प्रत घ्या. बुंधा ज्याच्या हद्दीत झाड त्याचं, एवढं तरी मग वादाचं राहत नाही.

आणि दरवेळी दोष झाडाचाच असतो असंही नाही. गडग्याच्या मागे मातीचा भराव असेल आणि पाणी निघायला खाली भोकंच ठेवली नसतील तर भिजलेल्या मातीचा दाब भिंत पाडतो, मुळं डोळ्यांना दिसतात म्हणून आळ त्यांच्यावर येतो. म्हणून पडलेले चिरे हलवायच्या आधी दोघांनी मिळून गवंड्याला बोलवा, भिंत कुठे फुगली, मूळ कुठून शिरलंय ते बघा, फोटो काढून ठेवा. सांध्यात उगवलेला पिंपळ तर कोणी लावलेलाच नसतो, पाखरांच्या विष्ठेतून बी येतं, पण देवाचं झाड म्हणून रोप असताना कोणी हात लावत नाही आणि पुढे तोच गडगा फोडतो.

रागात कोयता मात्र उचलू नका. नगरपालिका हद्दीत 1975 चा झाडांचा कायदा आहे, झाड स्वतःचं असलं तरी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. काहीजण रात्री शेजाऱ्याच्या झाडाच्या बुंध्यात अॅसिड ओततात, हे मला अत्यंत नीच काम वाटतं. बांबूचं त्यामानाने सोपं आहे, 2017 साली भारतीय वन कायद्यात झाडाच्या व्याख्येतून तो काढलाय. हद्दीवर चर मारायचा आणि चर ओलांडून येणारे कोंब कोवळे असतानाच काढायचे, बेटही राहतं आणि गडगाही.

राहिला पैशाचा प्रश्न. 15 ऑगस्ट 2007 ला गावातले तंटे गावच्याच समितीने मिटवायची तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ती असल्याच भांडणांसाठी होती, पण आज कितीतरी गावांत समिती फक्त कागदावर उरलीय. तिथे नाही जमलं तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या, दावा न लावताही प्रकरण लोकअदालतीत जातं, कोर्ट फी नाही, आणि दोघं राजी असतील तर तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याएवढाच पक्का, त्यावर अपीलही नाही. फक्त त्यात मोघम लिहू नका, गडगा कोण बांधणार, कोण किती देणार, दरवर्षी मे महिन्यात छाटणी कोण करणार हे सगळं लिहून घ्या.

ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे की मे महिन्यातच एक ग्रामसभा या विषयावर घ्यावी आणि तंटामुक्ती समितीने पावसाआधी हद्दीवरची झाडं दोन्ही घरांच्या लोकांना सोबत घेऊन बघून यावीत. तुमच्या पेपरनेही लोकअदालतीच्या तारखा तालुक्याच्या पानावर छापाव्यात, आमच्या वाडीत बऱ्याच जणांना त्या कळतच नाहीत.

एक वाचक, रत्नागिरी जिल्हा