बाथरूमला जाऊन आलात का?

मा. संपादक,

सीताबर्डीच्या बाजारात बायकांची सोय नाही, अशा तक्रारी पत्रांच्या सदरात नेहमी वाचायला मिळतात. तक्रार रास्तच आहे. पण त्या सोयीला कुणी 'स्वच्छतागृह' म्हणतं, कुणी 'प्रसाधनगृह', कुणी 'वॉशरूम'. मी नागपूरच्या एका रुग्णालयात सर्जरी वॉर्डात सिस्टर होते. या सभ्य शब्दांचा पेशंटला कसा त्रास होतो ते तिथे पाहिलं, म्हणून हे पत्र.

हर्नियाचं ऑपरेशन झालेले भंडाऱ्याकडचे एक आजोबा होते. राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "बाथरूमला जाऊन आलात का?" आजोबा म्हणाले, "हो जी." नोंद झाली, राउंड पुढे सरकला. संध्याकाळी बघते तर ओटीपोट दगडासारखं. "आबाजी, लघवी झाली का?" "नाही ना बाई, कालपासून थेंब नाही." मग सकाळी? सकाळी ते तोंड धुवायला गेले होते! कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली की लघवी तुंबू शकते, हे डॉक्टरांना माहीत होतंच. प्रश्न तेवढा आडून विचारला गेला. नळी टाकल्यावर आजोबांना बरं वाटलं.

"मोशन झालं का?", "युरिन पास केली का?" हे तर रोजचंच. खेड्यातली बाई 'पास' ऐकून नुसती बघत राहते. तीच बाई जेव्हा "दोन दिवस झाड्याले गेली नाही" म्हणते, तेव्हा मुंबईहून आलेल्या इंटर्नला झाड आठवतं. झाडाचा इथे संबंध नाही, पोट झाडून निघणं तो झाडा.

खरं म्हणजे आडून बोलायला आपल्याकडे काही कमी शब्द नाहीत. घरामागचा परस गेला, चौथ्या मजल्यावर फ्लॅट आला, तरी माझ्या सासूबाई शेवटपर्यंत 'परसाकडे'च जात. 'शेतखाना' ऐकून शेत डोळ्यांपुढे येतं, पण तो फारसीतला सेहतखाना, म्हणजे आरोग्याचं घर. पायखानाही तिकडचाच. 'शौच' म्हणजे मुळात शुद्धी, योगातल्या पाच नियमांपैकी पहिला. 'लघवी'सुद्धा लघुशंकेतल्या 'लघु'वरून आलेली, म्हणजे एके काळचा संकोचाचाच शब्द. आज केसपेपरवर तो बिनदिक्कत लिहितात.

इंग्रजांचंही तेच. 'टॉयलेट'च्या मुळाशी फ्रेंच भाषेतलं कापड आहे. शृंगाराच्या मेजावर अंथरायचं कापड, मग ते मेज, मग नटणंथटणं, मग नटायची खोली आणि शेवटी ही खोली. आपल्या 'प्रसाधनगृहा'ने तोच प्रवास एका उडीत केला. तिकडच्या सार्वजनिक संडासांच्या दाराला पेनी टाकून उघडायचं कुलूप असे, म्हणून 'एक पेनी खर्चून येते' म्हणायची पद्धत पडली. आपल्याकडे 1970 मध्ये सुरू झालेल्या संस्थेच्या नावावरून लोक सरळ 'सुलभला जाऊन येतो' म्हणतात. (पुष्कळ ठिकाणी पुरुषांची मुतारी फुकट आणि पैसे मोजायचे बायकांनीच, हा वेगळा संताप आहे.)

एक शब्द जुना होऊन वास मारायला लागला की दुसरा आणायचा, हे सगळीकडे चालतं. 'संडास' आता चारचौघांत खटकतो, उद्या 'वॉशरूम'ही खटकेल. घरात, पाहुण्यांत खुशाल "फ्रेश होऊन येते" म्हणा, माझी हरकत नाही. पण तपासताना आणि पाटीवर हा संकोच महागात पडतो. नागपूरला उपचारासाठी गडचिरोलीपासून छिंदवाड्यापर्यंतची माणसं येतात. नव्या इंटर्नना पहिल्याच आठवड्यात झाडा, परसाकडे, दिशा-मैदान, एकी-दुकी हे शब्द शिकवावेत. विचारताना "लघवी झाली का? किती वाजता?" असं उघड विचारावं.

आणि बर्डीतल्या दुकानदारांनी 'वॉशरूम'च्या पाटीखाली 'संडास-मुतारी' लिहावं. 'मुतारी' फारच टोचत असेल तर 'लघवीची जागा' लिहा. नुसती टोपीवाल्या माणसाची आणि पंखा धरलेल्या बाईची चित्रं लावू नका. परवा एका मॉलमध्ये साठीच्या दोन बाया त्या पंख्याकडे बघून, इथे एसी मिळतो का, असं वॉचमनला विचारत होत्या.

— एक निवृत्त परिचारिका, नागपूर